एका पायावरची उडी

भरतीची पोरं पाच मिनिटं एका जागी बसली की किस्से सुरू! पडेगावच्या आमच्या ग्राउंडवर तर इतके साचलेत की पोत्यात मावायचे नाहीत. मी स्वतः पळणारा नाही. आठवीत शाळा सोडली अन् गॅरेजला लागलो. पण पहाटे दादाला गाडीवर ग्राउंडला सोडायचो आणि कट्ट्यावर बसून सगळं ऐकायचो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, रामेश्वर. फौजेत जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. वय संपत आलेलं, ही शेवटची भरती. दिवाळीच्या आधी तो गेला. त्याला वगळून एकही किस्सा सांगता येत नाही. म्हणून सगळेच सांगतो.

*

दादाला दुखलं की तो हसायचा. लहानपणी विंचू चावला तर हसत हसत घरात आला. शेजारच्यांना वाटलं, पोरगं खुशीत आहे. आईनं नुसतं तोंड बघितलं आणि विचारलं, "काय चावलं रं?"

*

आमच्या ग्राउंडची एक रीत आहे. जो सिलेक्ट होईल त्यानं आपले शूज मागं राहिलेल्याला द्यायचे. लकी शूज! दादाच्या जोडीनं पळणारा जावेद फौजेत गेला तेव्हा त्याचे शूज दादाला मिळाले. जावेदलाही ते असेच कुणाकडून तरी मिळालेले. सोल इतका झिजला होता की खालून दाबलं तर आत बोट लागायचं.

मी म्हणालो, "दादा, टायर असा झाला तर आम्ही गिऱ्हाइकाला गाडी देत नाय."

दादा म्हणाला, "तुझ्या टायरवर कुणी सिलेक्ट झालंय का?"

*

जावेद इथं होता तेव्हा त्याची अम्मी थर्मासमधून बोकडाच्या पायांचा शोरबा पाठवायची. "पियो बेटा, हड्डी से हड्डी बनती!" नेमका श्रावण. श्रावणात आमच्या घरात अंडंही चालत नाही. दादा घरी आला तर आईनं नाक वर करून वास घेतला.

"काय पिलास?"

"टोमॅटोचं सूप."

आई म्हणाली, "टोमॅटोला खुरं कवा फुटली?"

दुसऱ्या दिवशी तो थर्मास तिनं स्वतः घासून, त्यात ताक भरून परत पाठवला. पुढं दादाला कुणी काही विचारलं नाही.

*

मग दादाची जांघ दुखायला लागली. पळताना जास्त, बसल्यावर कमी. मीच बळजबरीनं डॉक्टरकडं नेलं. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "फोटोत काही दिसत नाही. पण हाडाला बारीक चीर असली तर ती सुरुवातीला फोटोत येत नाही. एमआरआय करा, आणि तोपर्यंत पळणं बंद."

दादानं पहिलं वाक्य तेवढं घेतलं. ग्राउंडवर जाऊन एक्स-रे उन्हात धरला आणि सगळ्या पोरांना दाखवला. "बघा रे, हाड एकदम क्लीन!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

*

आमचे सर म्हणजे फौजेतले रिटायर्ड हवालदार, पोरांची तयारी तेच करून घेतात. थोडे लंगडत चालतात. पोरं म्हणायची, "सरांची स्टाइल लई भारी!" त्यांनी एक दिवस सगळ्यांना रांगेत उभं केलं. "एका पायावर उड्या मारा. ज्याला दुखंल त्यानं बाजूला बसायचं. लपवायचं नाय!"

दादाची पाळी आली. दुखऱ्या पायावर त्यानं चार उड्या मारल्या आणि असा खदाखदा हसला की अख्खी रांग हसायला लागली. सरसुद्धा हसले. "रामेश्वर ओके! नेक्स्ट!"

*

भरतीच्या दिवशी मी जाळीबाहेर उभा होतो. शेवटच्या राऊंडला दादा पुढच्या पोरांत होता. मी गळा फाटेस्तोवर ओरडत होतो. वळणावर तो एकदम खाली बसला, कुणी पाय ओढल्यासारखा. बाकीची पोरं त्याच्या बाजूनं निघून गेली.

एवढ्या गोंगाटात मला जाळीबाहेर त्याचं हसणं ऐकू आलं.

*

जांघेपाशी हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. दादा नर्सला विचारत होता, "सिस्टर, स्क्रू घातलेल्याला फौजेत घेतात का?" त्याच आठवड्यात पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. संपलं.

सर दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांची कॉलर धरली. वाकून त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर लांब व्रण. आत रॉड होता.

"परेडमधी मोडला," ते म्हणाले. "मीबी सांगितलं नव्हतं."

"मग पोरांना ही स्टाइल का म्हणू दिली?"

सरांनी पँट खाली केली.

*

जावेदचे ते लकी शूज अजून आमच्या दारात आहेत. ग्राउंडवरची सगळी पोरं भेटायला येऊन गेली. शूज कुणी मागितले नाहीत. सिलेक्ट झालेल्याचेच मागतात.

*

आई जेवत नव्हती. तिला जरा हसू यावं म्हणून मी उडीचा किस्सा सांगितला. रांग कशी हसली, सर कसे हसले, सगळं करून दाखवलं.

आईनं एवढंच विचारलं, "हसत व्हता?"

"व्हय."

सकाळी ती चप्पल घालून गाडीजवळ उभी. "मला ग्राउंडला ने."

तिला बघून पोरं पळायची थांबली. सर पुढं आले आणि मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, आता ही त्यांना शिव्या देणार. आई म्हणाली, "पोरांना उड्या मारायला लावा. माझ्यासमोर."

एकेक पोरगं पुढं येऊन उड्या मारायला लागलं. सर पायांकडं बघत होते. आई पायांकडं बघत नव्हती.

वैजापूरचा किरण आला. ग्राउंडवरचा सगळ्यात फास्ट पोरगा. त्यानं चार उड्या मारल्या आणि मोठ्यानं हसला. "काकू, बघा! एकदम फर्स्ट क्लास!"

आईनं त्याचा दंड घट्ट धरला आणि सरांकडं वळली.

"ह्याला बसवा."