मास्तरांचं दहावं फूल

चौकातल्या पुतळ्याला सारं गाव मास्तर म्हणतं. बल्गेरियाच्या राजांचा इतिहास लिहिणारा मोठा माणूस. पण दोनकाने त्याचं एक पान कधी उघडलं असेल तर शपथ. वाचायचा तो तिचा नवरा मिंचो. पुतळ्याच्या चौथऱ्याचे दगडही तरुणपणी त्यानेच बसवलेले. दोनका सव्वीस वर्षं समोर फुलं विकायची आणि मास्तरांच्या टकलावरची कबुतरांची घाण पुसायची, तीही कुरकुरत.

यंदा चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, मिंचो जिल्ह्याच्या इस्पितळात होता. दुपारी पोटाचं ऑपरेशन. मुलगी त्याच्यापाशी होती. "तू मास्तरांची फुलं बघ," असं त्यानेच बजावलं होतं. दोनकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. कसेबसे तिने दोन गुच्छ बांधले. एक वेल्को टॅक्सीवाला मिंचोकडे घेऊन गेला, दुसरा महापौरांनी बँडच्या गजरात चौथऱ्यावर ठेवला.

सवयीने दोनकाने चौथऱ्यावरची फुलं मोजली. नऊ! तिने पुन्हा मोजली. नऊच. जित्याला विषम फुलं, मेलेल्याला सम, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे मास्तरांची दहा मिंचोच्या उशाशी गेली होती.

तिने वेल्कोला फोन लावला.

"कधीच पोचवली की! नर्सने पाण्यातसुद्धा ठेवली."

ती चौकात येरझाऱ्या घालू लागली. मास्तरांसाठी बादलीतून काढलेलं दहावं फूल हातातच. शेजारची बेकरीवाली स्तामेना वैतागली. "अगं, ठेव ते मास्तरांपुढे आणि बस एका जागी! चक्कर आली मला बघून."

"नको गं बाई! आज माझ्या हातून आणखी सम आकडा नको."

बारा वाजले, दोन वाजले. गिऱ्हाईक आलं की ती भलतंच फूल द्यायची. मुलीचा फोन लागेना. मास्तरांवरही ती डाफरली, "तुम्ही काय बघताय?"

चारला फोन वाजला. आवाज खोल गेलेला, पण मिंचोचाच.

"काय गं, दहा फुलं? मला पोचवायची एवढी घाई?"

"मिंचो! अरे, चित्तच नव्हतं माझं ठिकाणावर…"

"कळलं मला. एक नर्सच्या खिशात खोचलं, मग गेलो आत. मास्तर बिचारे नऊ फुलांवर बसलेत ना? जा, त्यांचं त्यांना दे."

दोनकाने सुकत चाललेलं फूल चौथऱ्यावर ठेवलं. मग मिंचोने बसवलेल्या दगडाला कपाळ टेकून, भर चौकात, ती पोटभर रडली.