मॅडम जेवायला गेल्या की

नववीत शाळा सोडून मी बुलढाण्याहून मुलुंडला आलो आणि एका मेडिकलमध्ये लागलो. फार्मसीची पदवी फक्त मालकीणबाईंकडे होती. त्या वर घरी जेवायला गेल्या की मी साबण, डायपर विकायचो. गोळ्यांना हात लावायचा नाही, नाहीतर दुकानाचं लायसन्स जाईल आणि माझी नोकरीही.

एकदा नेहमीचे काका चिडले. "अरे, रोजचीच बीपीची गोळी आहे. समोर दिसतेय, दे ना!"

"मॅडमना येऊ द्या, काका."

"मग तुला काय शोभेला ठेवलंय?"

आवाज ऐकून मॅडम खरकट्या हातानेच खाली आल्या. "दिलीस का रे?"

"नाही."

"बरं केलंस. वर जा, जेवून घे."

तेव्हापासून दुपारी मी त्यांच्याकडेच जेवतो. दहावीला बाहेरून बसायचं मात्र अजून राहिलंय.