पाती दिसणारा पंखा

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानंच डिझाइन केलेल्या टेबल फॅनसमोर वारा घेत बसलो होतो. पलीकडं त्याची मुलगी वृंदा रडत होती आणि मला आठवत होतं ते दवाखान्यातलं आमचं शेवटचं बोलणं. मोसंबी सोलता सोलता मी नात रांगायला लागल्याचं सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. "पंखा कुठं ठेवलायस?" त्यानं विचारलं. "तू आधी बरा हो की," म्हणून मी विषय उडवून लावला होता...

उद्यमनगरातल्या एकाच कारखान्यात आम्ही होतो. मी विक्रीत, तो ड्रॉइंग बोर्डावर. आमचा आधीचा पंखा काळाकुट्ट, बिडाच्या बैठकीचा, दाट जाळीचा. उचलताना कंबर धरायची, पण वर्षानुवर्षं बिघडायचा नाही, आणि धंद्याची नेमकी तीच अडचण होती. एकदा पंखा घेतलेला माणूस परत दुकानात कशाला येईल? मग घरोघरी रंगीत टीव्ही आले, शोकेस आल्या, लग्नात पंखा मांडून ठेवायची चढाओढ लागली. मालक म्हणाले, "वाऱ्यासाठी कोण पंखा घेतंय आता? शोभंसाठी घेत्यात. पाती दिसली पायजेत, दिनकरराव!" दिनकरनं गुलाबी, आकाशी पाती काढली आणि ती दिसावीत म्हणून जाळीच्या तारा कमी केल्या. काय देखणा झाला होता! शिरोळपासून आजऱ्यापर्यंत हातोहात खपला.

एका दुपारी त्याची रांगती वृंदा त्या गुलाबी पात्यांकडं झेपावली. दिनकरनं तिला मागं ओढलं तेव्हा तिचं बोट जाळीच्या आत होतं. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. हा मात्र घाबरला तो कायमचाच. मालकांकडं गेला. "कुणाची तक्रार आलीया का? न्हाई न्हवं?" मालक म्हणाले, आणि पुढच्या हंगामात तीच जाळी नव्या रंगात आली. तक्रार खरंच कधी आली नाही. दिनकरला त्याचीच धास्ती वाटायची. लांबच्या एखाद्या घरात काही झालंच, तर आपल्याला कोण कळवणार? कुणाकडंही गेला, की पाणी घ्यायच्या आधी त्याची नजर जमिनीवर फिरायची. पंखा दिसला की उचलून कपाटावर. पुढं पुढं तर नवा पंखा देऊन जुना मागून न्यायला लागला. मी हसायचो. "माझा न्हाई देणार. चांगला चालतोय की!" म्हणायचो.

"चालतोय म्हणूनच भ्या वाटतंय, लेका."

तेरावं झाल्यावर वृंदानं मागची खोली उघडली. भिंतीला टेकून पंखेच पंखे, गुलाबी, आकाशी, पिस्ता... आणि एकालाही पाती नाहीत. "काका, बाबा भंगारातसुद्धा देऊ देत नव्हते," ती म्हणाली, "कुणीतरी दुरुस्त करून विकंल म्हणायचे." जे या खोलीत पोचले नाहीत ते कुठल्या घरात असतील? आणि आमचा तर या घडीला जमिनीवरच चालू होता. जेवणाला न थांबता मी निघालो.

घरी नात झोपली होती. पंखा फिरत होता. मी बटण बंद केलं, जाळी उघडून पाती उतरवली, जाळी परत बसवली. तेवढ्यात ती उठून रांगत आली. तिनं जाळीत हात घातला आणि तो कोपरापर्यंत सहज आत गेला. मोकळ्या जागेत बोटं हलवत ती खिदळायला लागली. पाती माझ्याच हातात होती, तरी मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.