चाचीनं पाहिलेले हात

मनेरीण चाची बांगड्या भरताना डोळे मिटून घ्यायची. पुढे केलेला हात एकदा दाबला, की टोपलीतून नेमकी त्याच मापाची बांगडी काढायची. आम्ही पोरी मुद्दाम एकमेकींचे हात पुढे करून तिला फसवायला बघत असू. ती हसून म्हणायची, "ढीला सोड, माय. ह्यो तुझा न्हाई, शेवंताचा हात हाय."

अजिंठ्याचे डोंगर भोकरदनकडे उतरतात, तिथे आमचं गाव. पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. सकाळच्या धुक्यात चाची दिसायच्या आधी तिच्या काचेची किणकिण यायची. मला वाटे, डोंगरच बांगड्या भरून खाली येतोय. मराठ्यांची आळी, मुसलमानांची गल्ली, वरचा बंजाऱ्यांचा तांडा, सगळ्या ओट्यांवर तिची बसायची जागा ठरलेली होती.

सासरी गेलेल्या लेकींचे हातही तीच भरायची आणि परत येऊन त्यांच्या आयांना सांगायची, "औंदा तुझ्या लेकीला मोठं माप लागलं. सुखात हाय." बायकांचा पत्रापेक्षा या बोलण्यावर भरवसा.

एका संक्रांतीला ती डोक्यावरची टोपली न उतरवताच बाबांपुढे उभी राहिली. माझी शांताताई घाटापलीकडे दिलेली. तिची पत्रं खुशालीची येत.

"दादा, शांताच्या हातात लेकराची बांगडी जाऊन राह्यली. जल्दी जा."

"बोलावणं न्हाई, चाची. नांदत्या लेकीच्या दारात असंच कसं जावं?"

"मंग बस वाट बघत! हाडं आणायला जाशील."

बाबा तिच्यावर भयंकर चिडले, आणि चिडचिड करतच त्यांनी गाडी जुंपली. ताईला आणलं तेव्हा ती तापानं फणफणलेली, नुसती हाडं आणि कातडी. पण वाचली. त्या घरी आम्ही तिला परत पाठवलं नाही. त्या माणसांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चाची हैदराबादला निघाली. बाबांबरोबर मीही मोटारीपर्यंत गेले होते.

"इथं काय कमी हाय, चाची? ऱ्हा ना," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"माझी सकीना तिथं दिलेली हाय, दादा. सात साल झाले. खुशाल हाय म्हणून खत येतं. पण तिचा हात कुणी बघितलाय?"

बाबांनी तिचं गाठोडं टपावर चढवलं. मोटार धुरळ्यात गेली. सकीनाला कोणतं माप लागलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.