भोंगा नसलेलं गेट

आमच्या ऑफिसला भोंगा नाही, हे बाबांना सांगायला हवं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते पुण्याहून बदलीवर चेन्नईत आले, संरक्षण खात्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून राबले आणि निवृत्त होऊन इथलेच झाले. कारखान्यात भोंगा झाला की सगळी पाळी एकदम गेटबाहेर पडायची आणि युनियनवाल्यांना ती आयतीच सापडायची. कोणीतरी लोखंडी स्टुलावर चढायचं, बोलायला लागायचं, सायकली थांबायच्या. याला म्हणतात गेट मीटिंग. माझ्या लहानपणी हा शब्द आमच्या घरात वरणभाताइतका रोजचा होता.

मी चेन्नईतच, शोळिंगनल्लूर भागात, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या महिन्यात एका सोमवारी मला काचेच्या खोलीत बोलावलं. तिथल्या एचआरच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, की शुक्रवारपर्यंत मी आपण होऊन राजीनामा द्यावा. नाही दिला तर कंपनीला काढावं लागेल आणि मग पुढे कुठे नोकरी मिळणं अवघड जाईल. आणि हो, हे कृपया कोणाशी बोलू नका. मी 'थँक यू' म्हणून बाहेर आले. कशाबद्दल, देव जाणे.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"सही करायची नाही. किती जण आहात?"

"मी एकटीच."

"एकट्याला कधी काढत नाहीत. बाकीच्यांना विचार."

"बाबा, आम्ही कामगार नाही हो."

"मग काय मालक आहेस?"

गंमत अशी, की कंपनीचे थोडे शेअर माझ्याही नावावर आहेत. माणसं कमी करणार अशी बातमी फुटली की शेअर वधारतो, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणजे मला काढलं तर फायदा माझाच? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

अर्थात बाबांचं तरी कुठे सगळं सरळ आहे! देव मानत नाहीत. आईच्या देव्हाऱ्यापुढे कधी उभे राहिले नाहीत. पण खंडेनवमीला, जिला इथे आयुधपूजा म्हणतात, आपल्या लेथला स्वतः हळदकुंकू वाहायचे. युनियनच्या लाल झेंड्याच्या काठीलाही चंदनाचं बोट लावायचे. "मग हा देव नाही का?" असं विचारलं, की म्हणायचे, "देव कसला, लेथ आहे तो." अशा माणसाच्या सल्ल्याने चालायचं, की काचेच्या खोलीतल्या बाईंच्या, हेच मला कळेना. त्यांचा आवाज तरी गोड होता.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला चौथ्या मजल्याच्या काचेतून सहज खाली पाहिलं, तर गेटवर बाबा. हातात तोच झेंडा. बरोबरीचे सगळे गुडघ्यांपायी घरी बसलेले, म्हणून एकटेच बस बदलत बदलत आले होते. ऑफिस सुटायची वेळ साधून आले होते आणि भोंग्याची वाट पाहत होते.

आमच्याकडे निम्मी माणसं घरूनच काम करतात. उरलेली जसजसं काम संपेल तसतशी तळघरात उतरतात आणि कॅबमध्ये बसून परस्पर जातात. गेटातून चालत कोणीच बाहेर पडत नाही. बाबा घड्याळ बघत होते, गेट बघत होते, पुन्हा घड्याळ. म्हातारा कोणाला तरी न्यायला आलाय असं वॉचमनला वाटलं असावं. त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. बाबा तिच्यावर बसले नाहीत, चढले. आता हे तरी पडणार, नाहीतर माझी उरलीसुरली अब्रू तरी जाणार.

श्रोते म्हणाल तर वॉचमन, गेटसमोर भजी तळणारी बज्जीवाली आणि दोन कॅबवाले. बाबा त्यांच्यापुढे हात उडवून बोलत होते. शब्द वरपर्यंत येत नव्हते. मला हसू येत होतं आणि रडूही. राग तर भयंकर आला होता, पण नक्की कोणाचा, ते ठरेना.

शेजारच्या टेबलावरची मुलगी येऊन माझ्याजवळ उभी राहिली. ती इथलीच, तमिळ. कित्येक वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खातो.

"कुठल्यातरी पक्षाचे असतील," ती म्हणाली. "बिर्याणी देऊन आणतात."

"माझे बाबा आहेत," मी म्हणाले. "मला राजीनामा द्यायला सांगितलाय."

ती खाली बघतच म्हणाली, "मलाही. उद्यापर्यंत."

सोमवारपासून आम्ही कोपराला कोपर लावून बसलो होतो. माझ्या आमटीत मीठ कमी आहे, हेसुद्धा ती मला तोंडावर सांगते. पण हे सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं?

आम्ही खाली उतरलो. बाबांनी खुर्चीवरूनच विचारलं, "किती?"

"दोघी."

"युनियन नोंदवायला सात लागतात," ते म्हणाले. "असू दे. चालेल." मग आम्ही दोघींनी दंडाला धरून त्यांना खाली उतरवलं.

शुक्रवारी काचेच्या खोलीत आम्ही एकदमच गेलो. बाईंच्या समोर खुर्ची एकच होती, म्हणून दोघी उभ्याच राहिलो. सही करणार नाही, असं सांगितलं. बाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि "कळवते" म्हणाल्या.

अजून कळवलेलं नाही. लॅपटॉप सुरू होतो, कामं येतात. आम्ही नोकरीत आहोत की त्या आम्हाला विसरल्या आहेत, कोण जाणे. बाबा म्हणतात, हाच विजय. असेलही. मला तर भीती पहिल्याइतकीच वाटते, फक्त आता दोघी मिळून घाबरतो.

साडेपाचला आम्ही बज्जी खायला खाली जातो. काल तिथे एक जण घुटमळत होता. ओळखीचा नव्हता, पण गळ्यात आमच्याच कंपनीचं कार्ड होतं. इकडेतिकडे बघत तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मीटिंग इथेच असते का?"

बाबा नव्हते, झेंडा नव्हता. मी मैत्रिणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग मी वॉचमनची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"हो," मी म्हणाले, "इथेच."