न खेळलेली फायनल

उज्ज्वलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी बदलापूरला, बँकेत काउंटरवर बसले होते. आमच्या क्लबातल्या कोमलचा फोन होता. "ताई गेली," एवढंच म्हणाली. समोर एक आजोबा पासबुक पुढे करून उभे होते. त्यांचं काम करून दिलं आणि मग उठले. आजार काही महिन्यांचा होता, डॉक्टरांनी आशा दाखवलेली नव्हती. त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. दुपारभर काम मात्र चुकत राहिलं…

ताई उल्हासनगरच्या एका खासगी रुग्णालयात एक्स-रे काढायची आणि रविवारी सकाळी अंबरनाथला आमचा बायकांचा रग्बी क्लब चालवायची. चालवायची म्हणजे शिकवायची, कप्तान म्हणून खेळायची आणि एखादी आली नाही तर तिच्या घरी जाऊन, चहा पिऊन, तिला सोबत घेऊन यायची. मी चामटोलीची. शाळेत कबड्डी खेळायचे, लग्नानंतर सगळं सुटलं. ताईला हे कोणी सांगितलं कोण जाणे, बँकेत येऊन म्हणाली, "पाय धरता येतात ना? मग अर्धं रग्बी आलं." उरलेलं अर्धं शिकायला दोन वर्षं गेली. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण द्यायचा मात्र मागच्याच बाईला, ही उलटी रीत अंगवळणी पडेना. सासूबाई विचारायच्या, "कोपर कसं गं सोललं?" मी अभिमानाने सांगायचे, "ताईने पाडलं." त्यात अभिमान कसला, ते त्यांना कधी कळलं नाही.

माझ्या तिसऱ्या मोसमात आम्ही पहिल्यांदाच जिंकायला लागलो होतो. कारण कोमल. तिच्या वडिलांचा उल्हासनगरला जीन्स शिवायचा कारखाना, आणि ही पोरगी अशी पळायची की मागून कुणी गाठूच नये. सात-सात जणींच्या सामन्यात अशी एक असली तरी पुरते. ताई तेव्हा त्रेचाळिशीची होती. उजवा गुडघा संध्याकाळी सुजायचा. त्याचा एक्स-रे तिने स्वतःच बघितला होता, त्यामुळे तिला काही समजावायची सोय नव्हती. "एक फायनल खेळते," म्हणायची, "मग तुम्ही पळा, मी शिट्टी वाजवते."

उपांत्य सामना नाशिककडच्या एका कॉलेजच्या मुलींशी होता. वाटेत खाल्लेलं काही बाधलं आणि त्यांच्या निम्म्या मुली उलट्या करून झाडाखाली आडव्या झाल्या. उभ्या राहू शकत होत्या त्या सहाच. संयोजक म्हणाले, सामना तुम्हाला बहाल. कोमलने उडी मारली. ताई मात्र त्यांच्या कप्तान मुलीशी काहीतरी बोलून आली आणि मला म्हणाली, "सुजाता, जर्सी बदल. तू त्यांच्याकडून."

"मी? राखीवमधल्या कोणाला तरी दे ना."

"त्या आत्ता कुठे चेंडू धरायला शिकल्यात. द्यायचं तर खेळणारं माणूस द्यायचं, नाहीतर नुसता देखावा."

"ताई, फायनल फुकटमध्ये मिळतेय यार!" कोमल ओरडली.

"फुकटची नको. खेळून हवी." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिकडे गेलीस की तिकडची. हात राखून खेळलीस तर परत घेणार नाही."

ती जर्सी मला खांद्यात घट्ट होत होती. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटाला आम्ही, म्हणजे त्या कॉलेजच्या मुली, थोड्याशा गुणांनी पुढे होतो. कोमलला दोघींनी अडवलं, तिने पडता पडता चेंडू मागे ताईकडे दिला. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की सामना ताईचा. तो सुजका गुडघा घेऊन ती कडेकडेने पळत आली, आणि तिच्या नि रेषेच्या मध्ये मी एकटी. मी काही विचार केला असं नाही. पाय दिसला की कबड्डी खेळलेल्या माणसाचा हात जातोच. दोन्ही पाय कवेत घेतले. ताई रेषेच्या हातभर अलीकडे आडवी झाली, चेंडू निसटला. मी तशीच धरून राहिले होते.

"सोड आता," ती म्हणाली. तोंडात माती गेली होती. "शिट्टी झाली."

परतताना टेम्पोत माझ्याशी कुणी बोलेना. कोमलने मात्र न राहवून म्हटलंच, "अपनीच प्लेअर देके हरे हम. कौन करता है ऐसा?" पुढच्या सीटवर गुडघ्याला बर्फ लावून बसलेली ताई मागे वळली. "सुजाताने कसं धरलं ते शिकून घे. खाली वाकून, दोन्ही पाय एकत्र. मला आजवर असं कुणी धरलं नव्हतं."

कोमल दिवाळीपर्यंत सरावाला फिरकली नाही. मग आपली आपण आली. ताई त्यानंतर सामना खेळली नाही. पुढच्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो, तेव्हा ती कडेला उभी राहून ओरडत होती. ती फायनलही आम्ही हरलो. तिला हळहळताना मी पाहिलं नाही. अखेरच्या भेटीत न राहवून विचारलं, "त्या दिवशी मी सोडलं असतं तर?"

"तर तुला संघाबाहेर बसवलं असतं," ती म्हणाली, आणि पाणी मागितलं.

ताई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम शिवमंदिराजवळच्या तिच्या बिल्डिंगच्या गच्चीवर झाला. तो आटोपल्यावर ताईचे मिस्टर, सुनीलदादा, कोमलला आणि मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात छताच्या हुकाला माणसाएवढी एक पिशवी टांगली होती, कोमलच्या वडिलांच्या कारखान्यातल्या जीन्सच्या चिंध्या ठासून भरलेली. खेळणं बंद झाल्यावरही ताई कामावर जाण्याआधी तिला खांद्याने धडका द्यायची, आजारी पडेपर्यंत.

"घेऊन जा ही," दादा म्हणाले. "सोसायटीवाले काढा म्हणतायत."

आम्ही हुक काढायला गेलो तर म्हणाले, "थांबा जरा." चपला बाजूला ठेवल्या, घड्याळ काढून कोमलच्या हातात दिलं, आणि पळत जाऊन खांदा आपटला. पिशवी जेमतेम हलली.

"रोज करायची हे?"

"रोज," मी म्हटलं.

"माझी पहिली पाळी. मी तोवर फॅक्टरीत गेलेला असायचो…"

त्यांनी खांदा चोळला. मग पुन्हा दोन पावलं मागे सरकले.