राबाची सुनावणी

आमच्या आईला कुणी उगाच मावशी म्हटलेलं चालत नाही. तिच्या बहिणींची मुलं सोडून तो हक्क कुणाला नाही, असं तिचं म्हणणं. शेजारच्या सोसायटीचा सेक्रेटरी रस्त्यात भेटला की तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणतो आणि ती पहिल्या दिवसापासून त्याला ओ देत नाही. माझं आणि आईचं फारशा गोष्टींत पटत नाही, पण या माणसाच्या बाबतीत पटलं.

सोसायटी आमच्या शेताला लागून आहे. भिवपुरीकडून येणाऱ्या रस्त्याला कोंडाण्याच्या बाजूचा डोंगर चांगला दिसतो, तो बघायला बांधलेल्या तीन इमारती. शुक्रवारपर्यंत खिडक्या बंद असतात, शनिवारी सकाळी गाड्या येतात आणि रविवारी संध्याकाळी जातात. आता जिथे त्यांचं पार्किंग आहे, तिथे पूर्वी ऐनाची झाडं होती. वडील होते तोवर त्याच झाडांच्या फांद्या तोडून राबाला आणायचे. झाडं गेली, वडीलही गेले. मग सोसायटीचा माळी बागेतला पाला झाडून आमच्या बाजूला, भिंतीपलीकडे टाकायला लागला. आम्हाला विचारलं कुणीच नाही. आई म्हणाली, "टाकू दे. राबाला व्हतो."

राब म्हणजे काय ते आमच्या गावात सांगावं लागत नव्हतं. आता सांगायची सवय करून घेतली आहे. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तिथे उन्हाळ्यात शेण पसरतात, त्यावर पाला, त्यावर गवत, वरून बारीक माती, आणि सगळं हळूहळू भाजतात. त्यानं तणाचं बी मरतं, जमीन मोकळी होते, आणि त्या राखेत पेरलेलं भात तरारून येतं. तेच रोप उपटून पुढे शेतात लावायचं. राब भाजला नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा तांदूळ विकत आणायचा. आमच्या घरात तो कधी विकत आला नव्हता.

त्या वर्षी आमचं एकच चुकलं. आम्ही शनिवारी भाजायला घेतलं. मी खोपोलीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे आणि माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. गावात बाकीचे शहाणे सोमवारी-मंगळवारी भाजतात, वरच्या खिडक्या बंद असताना. आईला माझ्या हाताची गरज होती म्हणून ती थांबली आणि ऐन गर्दीच्या दिवशी काडी लावून बसली.

अर्धा राब भाजून झाला असेल. तेवढ्यात नगरपरिषदेचा पाण्याचा टँकर आला आणि त्याच्या पुढे मोटारसायकलवर मुकादम. मुकादम आमच्याच गावचा, आईला काकी म्हणणारा. तो खाली मान घालून म्हणाला, "काकी, वरनं फोन आलाय. कोनीतरी फोटू काढून ॲपवर टाकलाय. उघड्यावर कचरा जाळताव म्हनून."

"कचरा कुटं हाय रं? तुझ्या घरी नाय भाजत?"

"भाजतो ना. पन मला इजवायला लावलंय, मी काय करू?"

त्यानं पाइप सोडला. भाजलेल्या अर्ध्या राबाची राख वाहून बांधाला लागली आणि न भाजलेल्या अर्ध्याचा काळा गाळ झाला. आई बांधावर उभी राहून बघत होती. मी त्या मुकादमाला तोंडाला येईल ते बोलले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. जाताना त्यानं नोटीस दिली. सुनावणीला हजर राहा, तोवर काही पेटवू नका.

तोवर म्हणजे किती, हे कुणी सांगेना. पाऊस तोंडावर आला होता. राहिलेला राब वाळवून, त्यावर नवा पाला घालून त्याआधी भाजायला हवा होता. आईला त्या सुनावणीतून एवढीच एक परवानगी हवी होती.

नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर एक लांब व्हरांडा आहे. तिथल्या बाकड्यावर आम्हाला बसवलं. आमच्या आधी एक वडापावचा गाडीवाला जळकं तेल गटारात ओतलं म्हणून आला होता. त्याच्या शेजारी मैल्याचा टँकर नदीत रिकामा करणारा एक माणूस ऐटीत फोनवर बोलत होता. आई त्याच्यापासून जेवढी लांब सरकता येईल तेवढी सरकली. सेक्रेटरी आला तो अर्ध्या चड्डीत, आणि तो तक्रारदार म्हणून त्याला आतून खुर्ची आली. आई बाकड्याच्या टोकावर पदर सावरत बसली होती. तिच्या पायात चपला होत्या, पण लग्नाला घालायच्या.

आत बोलावलं तेव्हा साहेबांनी आधी फोटो दाखवला. चौथ्या मजल्यावरून काढलेला. धूर, वाकलेली आई, आणि पाल्यात चमकणारी वेफरची लाल पाकिटं.

"आजी, हे प्लास्टिक आहे ना? प्लास्टिक जाळता?"

आईनं फोटो जवळ घेऊन बघितला. "ही यांचीच पाकिटं हायती, सायेब. यांचा माळी पाल्यात घालून टाकतो. मी निवडते, एकांदं ऱ्हातं."

सेक्रेटरी म्हणाला, "आमच्या सोसायटीचा पाला आम्ही शेतकऱ्यांना खतासाठी देतो. तशी आमची व्यवस्था आहे. पुढे त्याचं काय होतं त्याला आम्ही जबाबदार नाही."

देतो म्हणे. भिंतीवरून फेकणाऱ्याला देतो म्हणताना जरासुद्धा अडखळायला झालं नाही. मी मध्ये बोलायला गेले तर आईनं माझा दंड दाबला. "तू गप गं."

मग तो म्हणाला की इमारतीत एका लहान मुलाला दमा आहे, त्याला धुराचा त्रास झाला. खरंच झाला असेल. आईनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "लेकराला तरास व्हत व्हता तर मला सांगायचं. वारा बघून भाजलं असतं, न्हाय तर तुमी गेल्यावर भाजलं असतं. भित छातीएवढी हाय. हाक मारली असती तर ऐकू आली असती."

यावर सेक्रेटरीनं घड्याळ बघितलं.

साहेब वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते म्हणाले, "आजी, माझ्या आजोळीही राब भाजायचे. मला माहीत आहे ते. पण तक्रार आली की मला ती बंद करावी लागते. एक तर दंड, नाही तर हमीपत्र. राबाचा रकाना त्यात नाही." हमीपत्रात लिहिलं होतं की मी यापुढे माझ्या जागेत काहीही जाळणार नाही. काहीही. मी म्हणाले, असं कसं, शेती आहे ती, निदान या वर्षापुरतं तरी. साहेब म्हणाले की त्यासाठी वेगळा अर्ज करा, तो वेगळ्या टेबलाला जाईल, आणि बाहेर पुढच्या माणसाच्या नावाचा पुकारा झालासुद्धा. ज्यांनी पाकिटं टाकली त्यांची सुनावणी कधी आहे, असं मी विचारलं. त्यांच्याविरुद्ध तक्रार आलेली नाही, असं उत्तर मिळालं.

आईनं सही केली. शाळेत शिकलेली, मोठ्या अक्षरांतली, सावकाश. मग उठून म्हणाली, "चल, म्हशींना पानी दावायचं हाय."

परतताना रिक्षात मी तिच्यावर चिडले. सही का केलीस, दंड भरून मोकळं व्हायचं आणि भाजायचं. ती बाहेर बघत बसली. घरी आल्यावर म्हशींना पाणी पाजून झालं, चहा झाला, तेव्हा बोलली. "त्या मैल्याच्या टँकरवाल्याच्या जोडीला बसवलं मला. जल्मात मला कोनी घान करनारी म्हनलं नव्हतं."

मला वाटलं होतं, राग निवला की ती गुपचूप भाजेल. गावात सगळे तेच करत होते. सोमवारी पहाटे उठून पाहिलं तर डोंगराच्या पायथ्यापर्यंत जागोजाग धूर होता आणि आमच्याच तुकड्यात नव्हता. मी म्हणाले, आई, कुणी विचारत नाही गं. ती म्हणाली, "इचारतील तेवा परत त्या बाकड्यावर मीच बसनार. मला न्हाय बसायचं." मी अर्ज केला होता. तो कुठल्या टेबलावर गेला ते मला कळलं नाही. मी ज्या खोपोलीत कामाला जाते तिथे रस्त्यानं जाताना रोज कारखान्यांच्या धुरानं डोळे चुरचुरतात, त्याबद्दल कुणाला बाकड्यावर बसवल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

भात पेरलं तसंच, त्या गाळात आणि ढेकळांत. रोपाच्या आधी तण आलं. मी आणि आई वाकून वाकून ते उपटत होतो आणि मागे पुन्हा उगवत होतं. रोप पिवळं पडलं, जागच्या जागी बसलं. शेजाऱ्यांनी उरलेलं रोप देऊ केलं तर आई नको म्हणाली. त्यावरूनही आमचं भांडण झालं. लावणीच्या दिवसांत आजूबाजूला माणसं चिखलात उतरली आणि आमचं शेत गवतानं भरून गेलं. गवत मात्र जोरात आलं होतं, कमरेएवढं.

आषाढातल्या एका शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "मावशी, ओ मावशी." इतक्या वर्षांत सोसायटीतून आलेली ती पहिली हाक. आई गोठ्यातून बाहेर आली. सेक्रेटरी भिंतीवर कोपरं टेकून उभा होता, हसत.

"वरून बघतोय दर शनिवारी. यंदा काय हिरवंगार आलंय तुमचं भात. आमच्या मुलांना घेऊन यायचं म्हणतोय उद्या, भातलावणी शिकवाल का त्यांना? चिखलात खेळतील जरा. मुंबईच्या मुलांना माहीत नसतं हो काही."

आईनं हातातली पाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता सोलून काढते त्याला. मी वाट बघत होते त्याची.

"भात न्हाय ते," ती म्हणाली. "गवत हाय."

"म्हणजे?"

"रोप न्हाय आलं. तुमी भाजू दिलं न्हाय."

त्याला आठवायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "अरेरे," आणि पुन्हा एकदा शेताकडे बघितलं. "मग आता याचं काय करणार?"

"म्हशी खातील," आई म्हणाली आणि गोठ्यात गेली.

तो तिथेच उभा होता. वारा सुटला होता, सगळं गवत एका बाजूला झुकत होतं, आणि खरं सांगायचं तर दिसत होतं सुंदर. त्यानं खिशातून फोन काढला आणि त्याचा फोटो घेतला.